ब्रिगादेरोचे (ब्राझीलची कंडेन्स्ड मिल्क-कोकोची मिठाई) गोळे वळले जात नाहीत, मिश्रण सैलच राहतं. काय चुकतंय?

मिश्रण लवकर उतरवलं जातंय. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कला ३ मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर आणि १ मोठा चमचा लोणी पुरे. कोको चाळून थंड मिल्कमध्येच घोटा, गरम मिश्रणात टाकला की गुठळ्या होतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १०-१२ मिनिटं तळ खरवडत ढवळत राहा. उलथनं ओढल्यावर तळ दोन-तीन सेकंद उघडा दिसला आणि कढई तिरकी केल्यावर सगळा गोळा एकदम घसरला, की लगेच उतरवा. त्यापुढे आटवलं तर गार झाल्यावर टॉफीसारखं चिवट होतं. लोणी लावलेल्या ताटलीत पूर्ण गार करा, मगच तुपट हातांनी वळून चॉकलेटच्या शेवयांत घोळवा.

आत्ताचं सैल मिश्रण फेकू नका. पुन्हा आटवा, नाहीतर वाटीत घालून चमच्याने खा; ब्राझीलमध्ये तसंही आवडीने खातात.