शाळेत गोष्ट, चित्र आणि नाटक यांना वेळ का द्यावा?

आपण विचारले आहे की, गणित-विज्ञानाचाच अभ्यासक्रम वेळेत पुरा होत नसताना चौथीच्या मुलांचा वेळ गोष्टी, चित्रे आणि नाटुकल्यांवर का घालवावा, आणि ‘कथनात्मक विचार’ हे गोष्टी सांगण्यालाच दिलेले भारदस्त नाव आहे काय. मी गोव्यातील पेडणे तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देते.

नाव नवे असले तरी कल्पना आपल्या परिचयाची आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करतात, सिद्धान्त मांडतात, शंका उपस्थित करून तिचे निरसन करतात. उत्तररंगात आख्यान लागते आणि तोच विषय कोणा एकावर गुदरलेल्या प्रसंगातून उभा राहतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात विचाराच्या अशाच दोन रीती सांगितल्या आहेत. एक तर्काची, जी सर्वांना लागू पडणारा नियम शोधते आणि पुराव्यावर तपासली जाते. दुसरी कथनाची, जी माणसाचे हेतू, त्याची कृती आणि त्या कृतीचे फलित यांची संगती लावते. एकीचे काम दुसरीकडून होत नाही, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. आपल्या शाळा मात्र बहुधा पूर्वरंगावरच सुटतात.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेत मुलांनी रात्री जागून दशावतारी काला हे लोकनाट्य पाहिले होते. वेद पळवून समुद्रात लपणारा संकासूर त्यांच्या डोळ्यांसमोर ताजा होता, म्हणून तात्पर्य लिहायला न सांगता हीच गोष्ट संकासुराच्या तोंडून लिहा, असे मी सांगितले. एरवी दोन ओळींपुढे न जाणाऱ्या एका मुलाने पानभर लिहिले. त्याच्या संकासुराला वेद वाचताच येत नव्हते; कोणी तरी येऊन वाचून दाखवील म्हणून तो ते उराशी धरून तळाशी बसला होता. हा मुलगा वाचताना अडखळतो, हे मला ठाऊक होते. अडखळणाऱ्याला काय वाटते, ते मला त्या पानाने सांगितले. दुसऱ्याच्या कृतीमागचा हेतू शोधायचा आणि तो घटनेशी असा जुळवायचा की वाचणाऱ्याला पटावा, हे काम मुलाच्या बुद्धीचा गणिताइतकाच कस पाहते.

सौंदर्यविचाराचा संबंध इथेच येतो. गोव्यातील काही जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रांत तांबडी काव आणि पांढरा चुना एवढे दोनच रंग असतात आणि आकृती ओल्या गिलाव्यावर कोरलेली असते. गिलावा सुकण्याआधी काय खरवडायचे आणि काय राहू द्यायचे, हे कारागिराला ठरवावे लागते. त्याच धर्तीवर मी मुलांना पांढऱ्या पुठ्ठ्यावर तांबड्या तेलखडूचा थर देऊन तो काडीने खरवडायला लावला. एका मुलीने समुद्र काढला, पण लाटा काढल्या नाहीत. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाई, तळाशी लाटा नसतात.” काय गाळले आणि का गाळले, हे तिला सांगता आले, मला शाळेत हवी असलेली सौंदर्यदृष्टी ती हीच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इतर विषय कलेच्या साहाय्याने शिकवण्याचा पुरस्कार केला, त्याचे मी मनापासून स्वागत करते. परंतु जलचक्राचा रंगीत तक्ता करून घेतला की कला शिकवून झाली, ही समजूत मला चिंतेची वाटते, कारण त्या तक्त्यात मुलाने ठरवावे असे काहीच उरलेले नसते.

राहिला वेळेचा प्रश्न. मी गणिताच्या तासिकेला हात लावलेला नाही. मराठीच्या ज्या दोन तासिका आयती उत्तरे उतरवून घेण्यात जात होत्या, त्याच यासाठी वापरते. याने गणिताचे गुण वाढतील असे आश्वासन मी देणार नाही, आणि तसल्या आश्वासनावर कलेला शाळेत जागा मिळावी असे मला वाटतही नाही. आपण एका गोष्टीपासून आरंभ करावा. ती संपल्यावर तात्पर्य न विचारता, यातला अमुक प्रसंग काढून टाकला तर पुढचे काय ढासळेल, एवढेच विचारावे, आणि मुले गप्प राहिली तरी उत्तर स्वतः सांगण्याची घाई करू नये.