रोह्यांनी खाल्लेला प्लॉट

बेटा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ओसरीत मुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. रात्रीतून रोही (नीलगायी) तुझ्या प्रयोगात शिरले आणि तिसऱ्या रेप्लिकेशनमधला (तीच मांडणी तिसऱ्यांदा केलेल्या भागातला) टी-5, म्हणजे पाचव्या ट्रीटमेंटचा प्लॉट, तुडवून गेले, हे तू रडकुंडीला येऊन सांगितलंस. "सर, आता काय करू?" असं विचारलंस. जे विचारलं नाहीस तेही ऐकू आलं: बाजूच्या प्लॉटकडे बघून एक आकडा भरून टाकू का?

नको भरू. ही अडचण आपल्याच वऱ्हाडातली नाही. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रातल्या फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञानं 1933 सालीच हरवलेल्या प्लॉटसाठी सूत्र मांडलं. त्यानं गणित पुढे सरकतं, पण गेलेली माहिती काही परत येत नाही. म्हणून तर तुझ्या सात ट्रीटमेंट आणि तीन रेप्लिकेशनच्या प्रयोगात एरर डीएफ (प्रयोगातली चूक मोजायला हाती उरणारे डिग्रीज ऑफ फ्रीडम) 12 वरून 11 वर येतो. रोह्यांनी एक डीएफ खाल्ला, असं समज. तळटीपेत तारखेसह स्पष्ट लिही: रोह्यांनी नुकसान केल्याने प्लॉट वगळला. कोणी हसलं तर हसू दे.

माझा तर अख्खा प्रयोग गेला होता, तोही रोह्यांमुळे नाही, माणसाच्या मायेमुळे. एका कास्तकाराच्या वावरात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची ट्रायल होती. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी सोडलेल्या, तुकड्यांवर फवारा मारायचा नाही, हे मी त्याला एकदा घाईत सांगून मोकळा झालो. काढणीला बघतो तर कंट्रोल माझ्या दोन औषधांपेक्षा सरस! विचारलं तर म्हातारा म्हणतो, "सर, साऱ्या पऱ्हाटीले औषध आन् ह्या तुकड्यायनंच काय पाप केलं बापा? डोयानं पायवत नव्हतं. मीच मारले दोन पंप."

तेव्हा मी भडकलो होतो. आता वाटतं, चूक माझीच. पुढच्या हंगामात कंट्रोलच्या नुकसानीचे पैसे आधी त्याच्या हातावर ठेवले आणि त्याला सोबत घेऊन धुऱ्यावर बसलो. वीस हिरवी बोंडं तोडली, ब्लेडनं एकेक चिरली. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, कारण अळी आत शिरते ते भोक बुजून जातं. आत मात्र सरकीत तोंड खुपसून बसलेली असते. लहान असली तर पांढुरकी, मोठी झाली की गुलाबी. सातव्या बोंडात सापडली तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हंजे न मारल्याशिवाय औषधाचा फरक समजत नाही तं!" त्यानंतर त्यानं सख्ख्या भावालाही पंप घेऊन तिकडे फिरकू दिलं नाही. वर्गात कंट्रोल शिकवायला मला दोन तास लागायचे.

कामगंध सापळ्यांचंही (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) तसंच. रात्रीला सापळ्यामागे आठ पतंग, सलग तीन रात्री, की फवारणीचा विचार करायचा. हे तू रावेच्या (गावात राहून शेतीचा अनुभव घेणाऱ्या कृषी पदवीच्या) पोरांकडून घोकून घेतेसच. पण आमच्या चौकीदारानं एकदा "घाण झाली होती" म्हणून सगळे सापळे झटकून, धुऊन लख्ख केले. मी डोळे मिटून वहीत शून्य लिहिलं. ते शून्य मला पुढे फार महागात पडलं. सापळा बघितला आणि पतंग नव्हता, तर शून्य. बघताच आलं नाही, तर रेघ. झड लागली, तीन दिवस काळ्या मातीत पाय टाकता आला नाही, तरी रेघच. आणि वही पेन्सिलीनं लिही, शाई पावसात पसरते.

बाकी ऑफिसचं मनावर घेऊ नकोस. "माहिती आज दुपारी 12 पर्यंत तात्काळ सादर करावी" हे पत्र तीन वाजता येणार, आणि तेव्हाच लाईन जाणार. चहा घे. माहिती उद्या दिली तरी चालते, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे (हे वरिष्ठांना सांगू नकोस).

जॉइंट अ‍ॅग्रेस्कोत (कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत) तुझा तक्ता पडद्यावर आला की मागच्या रांगेतून कोणीतरी विचारणारच, "कंट्रोलचं उत्पादन एवढं कसं?" तेव्हा फिल्ड बुक उघडून दाखवता आलं पाहिजे. मला नव्हतं आलं. मी उभ्या उभ्या पावसाला दोष दिला, आणि त्या वर्षी आमच्याकडे पाऊस बेताचाच झालेला सभागृहातल्या अर्ध्या लोकांना माहीत होता.

शनिवारच्या एसटीनं येतो. प्लॉटभोवती बांधायला काकूनं सहा जुन्या साड्या काढून ठेवल्यात. सातवी मी गुपचूप घेतली होती, ती तिनं पिशवीतून परत काढली. बांबू तेवढे तोडून ठेव.

तुझे सर