स्वतः गणित शिकताना सिद्धता वाचून कळते पण स्वतःला सुचत नाही, काय करावं?

वाचणं थोडं कमी करा आणि सिद्धता मोडून बघा. म्हणजे बघा, २ चं वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकारात लिहिता येत नाही, ही सिद्धता तुम्ही वाचलीच असेल, आता तीच जशीच्या तशी ४ ला लावा. ४ चं वर्गमूळ तर सरळ २ आहे, मग ती कुठेतरी अडकायलाच हवी ना, पण नेमकी कुठल्या ओळीत? वर्गाला २ ने भाग गेला तर त्या संख्येलाही जातोच, ४ चं तसं नाही, ३६ ला ४ ने भाग जातो पण ६ ला जात नाही. अशी ओळ स्वतः शोधलीत की पाठांतर लागतच नाही, खरंच.

आणि हो, चार उदाहरणं जुळली म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. एखाद्या संख्येचा वर्ग, अधिक ती संख्या, अधिक ४१ असं करा, ० पासून ३९ पर्यंत दरवेळी मूळ संख्याच (१ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी) येते, ४० ला मात्र १६८१ येतात, म्हणजे ४१ चा वर्ग! फसलेले प्रयत्न खोडू नका, वहीत राहू द्या आणि महिन्याभराने परत तेच गणित हातात घ्या.