अमेरिकेत घर घेताना इन्स्पेक्टर बाहेरून नेमकं काय बघतो?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत 1962 सालचं घर घेताय, पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन (खरेदीआधीची घराची तपासणी) आहे, तर बाहेरून काही खरंच तपासतात की नुसती एक चक्कर मारतात?

तपासतात, आणि त्यातलं बरंचसं पाण्याभोवती फिरतं. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी घरापासून लांब जातंय की आत मुरतंय, एवढं डोक्यात ठेवून इन्स्पेक्टरच्या मागे मागे फिरा. रिपोर्ट आपोआप कळेल.

भिंतीलगतची माती बाहेरच्या बाजूला उतरती हवी. बिल्डिंग कोडचा हिशोब पहिल्या 10 फुटांत 6 इंच उताराचा आहे. जुन्या घरांत माती बसून बसून उतार उलटा होतो आणि बेसमेंटमध्ये ओल येते. छताच्या पन्हळीचा (गटरचा) पाइप पायाशीच पाणी ओतत असेल तर तेही लिहितात. पण ते काम किरकोळ, पाइपला पुढे जोड दिला की झालं. साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण, मातीला टेकलेलं नको, नाहीतर आतलं लाकूड कुजतं आणि वाळवीला आयती वाट मिळते.

डेक (घराला जोडलेला लाकडी ओटा) असेल तर तिथे नीट लक्ष द्या. आमच्या इन्स्पेक्टरने डेकखाली वाकून, टॉर्च मारून मला घराला जोडलेली फळी दाखवली. बोल्ट एकही नाही, नुसते खिळे! वर फ्लॅशिंगही (पाणी अडवणारी पट्टी) नव्हतं, त्यामुळे पाणी मागे झिरपून फळी काळी पडलेली. स्क्रूड्रायव्हर टोचला तर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. वरून मात्र डेक नवाकोरा, ताजं स्टेन (लाकडाचा रंग) मारलेला. कठड्याच्या गजांमध्ये 4 इंचांहून जास्त फट नको, लहान मुलं असतील तर हे आवर्जून बघा.

पायाच्या भिंतीत केसाएवढी उभी चीर बहुधा काँक्रीट आकसल्याची असते, तिला घाबरू नका. आडवी चीर असेल किंवा भिंत आत झुकलेली दिसली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दारं-खिडक्यांच्या कडा, पायऱ्या, ड्राइव्हवे, रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत), घराला खेटलेली झाडं हेही तो बघतो, पण भराभर.

आता काय बघत नाही ते. कुंपण, मागची शेड, स्प्रिंकलर सहसा त्याच्या कामात येत नाहीत. छतावर चढायचं बंधन त्याच्यावर नाही, बरेच जण खालून दुर्बिणीने किंवा ड्रोनने बघतात. वाळवीची तपासणी आणि सिव्हर लाइनमध्ये (सांडपाण्याच्या पाइपात) कॅमेरा घालून बघणं सहसा वेगळे सांगावे लागतात, पैसेही वेगळे. 1978 च्या आधीचं घर म्हणजे शिशाचा रंग असण्याची शक्यता, त्याचीही टेस्ट वेगळी.

रिपोर्टात पास-नापास काही नसतं. विकणाऱ्याकडे डेक, उतार, पाया यांचे पैसे मागा. उडालेल्या रंगासाठी भांडलात तर वकिलांची ईमेल तेवढी वाढतील.

आणि तुमच्या घराच्या वयाकडे बघता, अंगणात पुरलेली जुनी हीटिंग ऑइलची टाकी आहे का, हे शोधणारी तपासणी, म्हणजे टँक स्वीप, करून घ्याच. टाकी गळकी निघाली तर माती साफ करायचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो, आणि तो हजारोंनी असतो. इन्स्पेक्शनची मुदत संपायच्या आत हे उरका. एजंट ‘गरज नाही’ म्हणाला तरी.