उचलण्याआधी ठेवायचे कोठे, हे ठरवावे

नमस्कार ताई,

तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर लांबणार आहे. गेल्या पावसाळ्यात शिरोळ तालुक्यातील तुमच्या गावाच्या नदीकाठच्या मळीत पाणी शिरले, तेव्हा तुम्ही आणि तुमच्या भावाने एक व्यालेली कुत्री व तिची चार पिल्ले बाहेर काढली. दोन निवारागृहांनी जागा नसल्याचे कळवले, दोन पिल्ले आठवड्याभरात दगावली, दोन पाहुण्यांकडे गेली आणि कुत्री अजून तुमच्या जुन्या गोठ्यात आहे; तिला घरात घ्यायला तुमच्या सासूबाईंचा विरोध आहे. तिला पुण्यातील एखाद्या निवारागृहात पाठवावे का, मुलीसाठी तेथूनच एक पिल्लू दत्तक आणावे का, आणि यंदा पूर आलाच तर जनावरांसाठी अधिक चांगले काय करता येईल, असे तुम्ही विचारले आहे.

मी २००५ च्या पुरापासून सांगली-कोल्हापूर भागात हे काम करत आहे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै या दोन्ही पुरांत मी पाण्यात होतो. या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे: जनावराला पाण्यातून उचलणे हा या कामाचा सर्वांत लहान भाग आहे. त्याला उचलण्याआधी कोठे ठेवायचे आणि पुढचे सहा महिने कोण पाहणार, हे ठरलेले नसेल, तर आपण त्याला एका संकटातून काढून दुसऱ्या संकटात ठेवतो.

पुराचे आधी सांगतो, कारण सर्वाधिक जीव तेथे वाचू शकतात आणि तेही पाणी येण्याच्या आधी. पुरात दगावलेली जी मोठी जनावरे मी पाहिली, त्यांतील बहुतेक दावणीलाच होती. म्हैस उत्तम पोहते, गायही बऱ्यापैकी पोहते. पण गळ्यात दावे आणि दावे खुंट्याला असेल, तर पाणी नाकापर्यंत आले की तिचा इलाज संपतो. मालकाने ते निष्काळजीपणाने केलेले नसते. पाणी गोठ्यापर्यंत येणार नाही अशी त्याची पिढ्यांची खात्री असते आणि रात्रीतून पाण्याची फूग, म्हणजे मागे तुंबलेले पाणी, चढते. म्हणून गावात फिरून सांगण्याची एकच गोष्ट निवडायची असेल तर ही सांगावी की घर सोडताना जनावरे बरोबर नेता येत नसतील, तर दावी सोडावीत, लोंबती दोरी काढून टाकावी, कारण ती बाभळीत किंवा तारेत अडकते, आणि गोठ्याचे दार उघडे ठेवावे. शिंगावर किंवा पाठीवर ऑइलपेंटने मोबाइल क्रमांक लिहावा. कानातला बारा अंकी बिल्ला असतोच, पण तो तुटतो. त्याच्या क्रमांकाचा फोटो आधीच काढून ठेवावा.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. माणसे धोका पातळीची वाट पाहतात. जनावरांसाठी इशारा पातळी हीच निघण्याची वेळ मानावी, कारण वीस म्हशींना रस्त्याने पाच किलोमीटर चालवत न्यायला अर्धा दिवस जातो आणि तोवर रस्त्यावर पाणी येते. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांच्या लोकांनी २०१९ मध्ये जे सोसले, त्यानंतर २०२१ मध्ये त्यांनी जनावरे लवकर हलवली. तुमच्या गावानेही उंचावरची जागा, तेथले पत्राशेड आणि ती वापरण्याची मालकाची परवानगी ही सारी व्यवस्था मे महिन्यातच करून ठेवावी.

यामागे माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे. २०१९ मध्ये होडी दारात आली असताना "गुरं सोडून कसा येऊ?" असे म्हणून माडीवर थांबलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना दोष देण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. अमेरिकेत ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या अनेकांनी कुत्र्यामांजरांना सोडून जायला नकार दिला, कारण निवारा केंद्रांत प्राण्यांना प्रवेश नव्हता. त्यातून धडा घेऊन तेथे २००६ मध्ये कायदा झाला आणि आपत्ती-योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार करणे राज्यांवर बंधनकारक ठरले. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या पूर-आराखड्यात "जनावरांची छावणी, वैरण, पाणी" अशी एक ओळ घालून घेतलीत आणि तिच्यापुढे एका माणसाचे नाव लिहून घेतलेत, तर ते काम दहा होड्यांइतके मोलाचे होईल.

प्रत्यक्ष पाण्यात उतरण्याविषयी थोडक्यात लिहितो. तुम्ही दोघेच उतरू नका. आपल्या भागात गुऱ्हाळाची काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, होडीसारखी वापरतात. शांत पाण्यात वासरू, शेळी किंवा कुत्रे तिच्यातून आणता येते, मात्र ती गोल असल्यामुळे ओढीच्या पाण्यात गरगरते आणि मोठे जनावर तिला पेलत नाही. मोठ्या जनावराला होडीमागे पोहवत आणताना दोरी तोंडाभोवतीच्या म्होरकीला बांधावी, नाकातल्या वेसणीला कधीही नाही. रेडकू किंवा वासरू पुढच्या होडीत दिसत राहिले, तर आई मुकाट्याने मागून येते. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवावे, आणि कृष्णेत मगरी आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. वन्य प्राण्यासाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तेथे आपण हात घालू नये. पुराच्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लागण होते, म्हणून पायाला जखम असेल तर उतरू नये आणि डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी. दरवर्षी हे काम करणार असाल, तर रेबीजची लस आगाऊ टोचून घेणे मी अत्यावश्यक मानतो. ती घेतली असली तरी चावा झाल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा लागतोच.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त त्रास दिला, ती सांगतो. पूर आल्यावर शहरांतून मदतीचे ट्रक येतात आणि माणसांच्या छावणीत उरलेल्या चपात्या, भात आणि ब्रेड कोणीतरी चांगल्या मनाने जनावरांपुढे ओततो. तीन-चार दिवस उपाशी असलेली गाय ते अधाशासारखे खाते, तिच्या पोटात आम्ल वाढते आणि पुरातून वाचलेले जनावर छावणीत मरते. माझ्यासमोर एका पत्राशेडमध्ये एका रात्रीत तीन जनावरे अशी गेली. आम्ही दुपारी हजर असूनही ते ताट थांबवले नाही, कारण तेव्हा आम्हालाही हे माहीत नव्हते. उपाशी जनावराला आधी पाणी, मग थोडा थोडा कोरडा कडबा, आणि पेंड किंवा भरडा दोन-तीन दिवसांनी हळूहळू द्यावा. एका मोठ्या जनावराला दिवसाला निदान सहा-सात किलो कोरडी वैरण आणि चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. पुरात वैरण एकवेळ मिळते, स्वच्छ पाणी मिळत नाही, म्हणून मदत करू इच्छिणाऱ्याला मी आधी टँकर मागतो. भिजून बुरशी आलेला कडबा फुकट मिळाला तरी घालू नये. पिशव्यांतला मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) उंचावर ठेवलेला असेल, तर तो अशा वेळी फार उपयोगी पडतो.

पाणी ओसरल्यावर खुरे मऊ पडून सडतात, कासेला सूज येते, आणि घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचलेली नसेल तर त्यांची भीती असते. यासाठी पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक लावावा. दगावलेले जनावर पुरण्याची घाई होते आणि दुर्गंधीमुळे ती समजण्यासारखी आहे. पण पंचनामा आणि शवविच्छेदनाचा दाखला नसेल, तर त्या कुटुंबाला काहीच मिळत नाही. २०२२ पासूनच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीसाठी ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये मदत ठरली आहे. दोन म्हशींवर घर चालणाऱ्या बाईला त्या पैशाने नवी म्हैस येत नाही, तरी तेवढा आधार बुडू देऊ नये. तलाठी आणि पशुधन विकास अधिकारी येईपर्यंत निदान बिल्ल्यासह फोटो काढून ठेवावेत.

आता कुत्र्यांकडे येतो. निवारागृहांनी तुम्हाला नकार दिला याचा राग तुमच्या पत्रात जाणवतो. मला त्यांची बाजू मांडायची आहे. ज्याला आपण पांजरपोळ म्हणतो, ती बेवारस आणि म्हाताऱ्या जनावरांना सांभाळणारी संस्था आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८३२ मध्ये पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, त्यावरून दंगल झाली, आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला. तेव्हापासूनची अडचण आजही तीच आहे: आत आलेला प्राणी बहुधा मरेपर्यंत आतच राहतो, त्यामुळे जागा रिकामी होत नाही. त्यात पुराच्या दिवसांत लस न टोचलेली पिल्ले आत घेतली, तर पार्व्हो किंवा डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूरोग संपूर्ण शेडमध्ये पसरतो. तुमची दोन पिल्ले उलट्या आणि रक्ताची हगवण होऊन गेली असे तुम्ही लिहिले आहे. लक्षणे पार्व्होचीच वाटतात. ती पिल्ले त्या दिवशी निवारागृहाने घेतली असती, तर कदाचित तेथली आणखी वीस गेली असती. जे निवारागृह क्षमता संपल्यावर नाही म्हणते आणि नवा प्राणी दोन आठवडे वेगळा ठेवते, त्याच्यावर मी अधिक विश्वास ठेवतो.

यावरून पुढच्या वेळेसाठी एक सूचना आहे. गच्चीवर किंवा माडीवर सुरक्षित बसलेले कुत्रे उचलून आणण्यापेक्षा त्याला तेथेच दोन दिवस खाणे-पाणी पोहोचवणे बहुतेक वेळा बरे ठरते, कारण पाणी उतरल्यावर ते आपल्या गल्लीत आणि आपल्या माणसांत राहते. उचलावेच लागले, तर जागेचा फोटो, गल्लीचे नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहावी. २०१९ मध्ये मी स्वतः एक तांबडा कुत्रा "बेवारस" समजून चौथ्या दिवशी पुण्यातील एका भल्या कुटुंबाकडे पाठवला. पंधराव्या दिवशी निवारा केंद्रातून घरी परतलेले एक आजोबा त्याला शोधत आले. कुत्रा परत आणता आला, पण त्या मधल्या आठ दिवसांत त्या आजोबांच्या डोळ्यांत जे दिसले, ते मी विसरू शकलो नाही. गळ्यात पट्टा नाही म्हणजे मालक नाही, असा अर्थ आपल्या गावांत लागू होत नाही. तेव्हापासून पुरात सापडलेला कोणताही प्राणी आम्ही निदान एक महिना दत्तक देत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि दूध संकलन केंद्रात त्याचा फोटो लावतो.

तुमच्या कुत्रीला आता बरेच महिने झाले आहेत आणि कोणी विचारत आलेले नाही, त्यामुळे तो प्रश्न उरलेला नाही. तिला पुण्याला पाठवू नका, असे मी स्पष्टपणे सुचवतो. ती तुमच्या गोठ्यात, तुमच्या आवाजाला आणि तुमच्या मुलीच्या हाताला सरावली आहे; शंभर अनोळखी कुत्र्यांच्या भुंकण्यात साखळीने बांधून राहण्यापेक्षा तिला येथे अधिक सुख आहे. तिला तेथे पाठवून तेथूनच पिल्लू आणले, तर एक जागा अडवून एक जागा मोकळी केल्यासारखे होईल. शिवाय पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. त्या गोठ्यात वर्षभर तरी लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आणणे धोक्याचे आहे; फरशी ब्लीचच्या पाण्याने धुता येते, अंगणाची माती धुता येत नाही.

तुमच्या सासूबाईंचा विरोध केवळ हट्ट आहे असे मला वाटत नाही. ती चावेल का, घरात रोग येईल का आणि लग्नकार्याला बाहेरगावी गेल्यावर तिला कोण पाहील, हे त्यांचे तिन्ही प्रश्न मी कुत्रा मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. रेबीजची लस, पार्व्हो-डिस्टेंपरसारख्या रोगांवरची एकत्रित लस, जंताचे औषध, आणि गोचीडतापासाठी एकदा रक्ततपासणी करून ती कागदपत्रे सासूबाईंच्या हाती द्या. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून शेजारच्या एका घराशी आजच बोलून ठेवा. मुलीला दोन नियम शिकवा: कुत्री खात असताना आणि झोपलेली असताना तिला हात लावायचा नाही. गोठ्यातून घरात आल्यावर पहिले काही दिवस ती कोपऱ्यात दबून बसेल, कदाचित घरात लघवीही करेल. घर आपले आहे असे वाटायला अशा कुत्र्यांना तीन महिनेही लागतात. त्याआधी "हिला जमत नाही" असा निष्कर्ष काढू नये.

एक काम मात्र लवकर करावे लागेल. तिची नसबंदी झालेली नाही आणि ती पुन्हा व्याली, तर पुढच्या पुरात तुम्ही पुन्हा पिल्ले शोधत फिराल. माज सुरू असताना शस्त्रक्रिया सहसा टाळतात आणि माज संपल्यावरही साधारण दोन महिने थांबतात, म्हणून शेवटचा माज कधी झाला ते आठवून पशुवैद्यांना सांगा. टाके वाळेपर्यंत दहा ते चौदा दिवस तिला कोरडी जागा लागेल आणि तुमच्या जुन्या गोठ्याचे पत्रे गळतात असे तुम्हीच लिहिले आहे. त्यामुळे वळवाच्या पावसाआधीची तारीख मिळाली तर ती घ्या, नाहीतर तेवढे दिवस तिला घरातल्या पडवीत ठेवण्याची परवानगी सासूबाईंकडून आधी मिळवा.