बायोसमधलं तापमान-व्होल्टेज खरं मानायचं का? आणि वर्कस्टेशन रात्री स्लीपला ठेवायचं की नाही?

तुम्ही लिहिलंय की बायोसमधल्या (म्हणजे मशीन सुरू होताना उघडतं त्या सेटिंगच्या पानावरच्या) आकड्यांबद्दल दुकानदार म्हणतो "ते आकडे शोभेचे असतात, लक्ष देऊ नका". हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी घरात ऐकत आलोय.

माझं देवरुखला ड्रॉइंगचं ऑफिस आहे, बंगल्यांची एलिव्हेशन, थ्रीडी वगैरे. मिरग लागला की आमच्याकडे लाईटचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, फांदी तारेला टेकली की गेली, लगेच आली. त्या पावसात मोठं मशीन रेंडरला (थ्रीडीचं पक्कं चित्र काढायला, प्रोसेसरवर पूर्ण ताण) लावलं की मधेच फट्‌कन बंद. साधं ड्राफ्टिंग चालू असेल तर काही होत नाही, फक्त रेंडरला. मग सगळ्यांचं एकच, गरम होतंय. आमचे भावोजी म्हणजे या विषयातले घरचे अधिकारी, त्यांनी पंखे वाढवले, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, साइडचं पॅनल काढून ठेवलं (आत पाली शिरल्या ते वेगळंच) आणि शेवटी म्हणाले मदरबोर्ड गेला, नवीन घे. मी म्हटलं सेन्सर बघूया ना आधी. तर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतात, "हे बघ, १२७ डिग्री. एवढ्यात आत इडली उकडेल, आणि तू याच्यावर विश्वास ठेवतोस?"

अहो, बोर्डावरच्या सुपर आयओ चिपला (तापमान, व्होल्टेज, पंखे वाचणारी चिप) तापमानाच्या बऱ्याच पिना असतात, सगळ्यांना सेन्सर जोडलेला असतोच असं नाही, आणि मोकळ्या पिनेवर असलेच आकडे येतात. प्रोसेसरचं तापमान त्याच्या स्वतःच्या आतल्या सेन्सरवरून येतं, त्याचा या १२७ शी काही संबंध नाही. हे मी तेव्हाही सांगितलं, पण जावयाला कोण बोलणार, आई माझ्यावरच डाफरली.

मग मी एचडब्ल्यूइन्फोचं (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लॉगिंग, म्हणजे आकडे फाइलमध्ये लिहिणं, चालू करून रेंडर लावला. बंद पडल्यावर फाइल उघडली तर शेवटच्या ओळीत प्रोसेसर सत्तरीत, १२ व्होल्टची लाइन १२ च्या आसपास, पंखे फिरतायत. तापला असता तर आधी त्याने क्लॉक (आपला वेग) खाली आणला असता, बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची ती मर्यादा १०० च्या आसपास असते, आणि ते लॉगमध्ये दिसतं. इथे सगळं ठणठणीत चालता चालता फाइल तुटली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (घडामोडींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दाखवून लोक घाबरवतात, त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट शटडाउन झालं नव्हतं, ते का झालं नाही हे त्यातून कळत नाही.

उरला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. बंद पडायच्या क्षणी यूपीएस टक्‌ करतो हे ऑफिसातल्या मुलीने हेरलं. यूपीएस बॅटरीवर जायला पाच-दहा मिलिसेकंद घेतो, तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) तग धरायचा असतो, एटीएक्स या पीसीच्या मापदंडाच्या हिशोबाने चांगल्या लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद. कपॅसिटर थकला की कमी लोडवर निभावतं, रेंडरला नाही. दुसऱ्या मशीनचा एसएमपीएस काढून लावला, रेंडर चालू केला आणि मेन स्विच मुद्दाम खाली केला. यूपीएस टक्‌, मशीन चालू. बोर्ड तोच, आजही तोच आहे.

भावोजींचं म्हणणं, "शेवटी सेन्सरने एसएमपीएस सांगितला नाहीच." नाही सांगितला, दोन सेकंदांतून एकदा वाचणाऱ्याला मिलिसेकंदांचा झटका दिसणार कसा? पण गरम होतंय हे तुणतुणं तर सेन्सरच्या लॉगनेच बंद केलं, नाहीतर बोर्डाचे पैसे गेलेच होते.

तुमचं स्लीपचं. आमच्या बाजूला स्लीप नको, हायबरनेट. स्लीपमध्ये काम रॅममध्ये असतं, रात्री लाईट गेली आणि यूपीएस उतरला की गेलं, हायबरनेट ते डिस्कवर लिहून ठेवतं. बायोसमध्ये लाईट परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते ऑफ ठेवा, नाहीतर लाईट आली की मशीन आपोआप सुरू, गेली की बंद, रात्रभर तोच खेळ. बायोसमधली सी-स्टेट (प्रोसेसरची वीज वाचवायची झोप) बंद करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, प्रोसेसर रिकामा असताना झोपला तर तुमचं काय जातं, रेंडरला तो जागाच असतो. आणि शटडाउन केलं तरी बोर्डावर स्टँडबायचे ५ व्होल्ट असतात, त्यामुळे गडगडायला लागलं की प्लगच काढा, लॅनची वायर पण.

हां, एक राहिलं. बायोसच्या पानावर प्रोसेसर विंडोजपेक्षा गरम दिसतो कारण तिथे पॉवर सेव्हिंग धड चालत नसतं, ते मनावर घेऊ नका. १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्ये असला की ठीक, पण चिपचं हे वाचन अंदाजेच असतं, ११.२ दिसलं म्हणून लगेच एसएमपीएस फेकू नका, लोड देऊन पिवळ्या-काळ्या वायरवर मल्टिमीटर लावून बघा, जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

आणि बोर्ड बदला म्हणणारा तुमचाही पाहुणाच निघाला तर वाद घालू नका, लॉगची फाइल सरळ घरच्या ग्रुपवर टाका. मी टाकली होती. भावोजींनी खाली नुसता अंगठा दिला.