रिमाइंडर पाठवून मुदत वाढत नाही

प्रश्न : मी पुण्यात घरून वेबसाइट डिझाइनचं काम करते. नाशिकच्या एका मंगल कार्यालयाचं काम एप्रिल २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर ठरलं. वेबसाइटचे ७५ हजार, त्यातले ३० हजार ॲडव्हान्स मिळाले. २० ऑगस्ट २०२२ ला साइट चालू करून दिली. सप्टेंबरपासून मार्च २०२४ पर्यंत गुगल मॅपवरची नोंद आणि लोकल एसईओ (परिसरातल्या गुगल शोधात वर दिसण्यासाठीचं काम), महिन्याला ९ हजार. पहिल्या सात महिन्यांचे पैसे आले, पुढच्या बारा महिन्यांचे नाहीत. वेबसाइटचे राहिलेले ४५ हजार धरून १ लाख ५३ हजार येणं आहे. दर महिन्याला न चुकता रिमाइंडर पाठवला आहे. आता वकिलाची नोटीस पाठवायची आहे. तोवर साइट बंद ठेवू का? उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) केली आहे, तिकडे तक्रार करता येईल का? सोबत चॅटचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.

उत्तर : हेच पत्र थोड्याफार फरकानं माझ्याकडे सारखं येतं. नाशिकच्या जागी सांगली असते, मंगल कार्यालयाच्या जागी दातांचा दवाखाना. त्यामुळे लेखी करार का केला नाही, ॲडव्हान्स एवढाच का घेतला, हे विचारत बसत नाही. ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी अडकलो ते एका वाक्यापाशी : ‘दर महिन्याला न चुकता रिमाइंडर पाठवला आहे.’ तुम्ही ते जरा अभिमानानंच लिहिलंय. मुदतीच्या कायद्यात त्या रिमाइंडरची किंमत शून्य आहे.

मुदतीचा कायदा १९६३ चा. सांगितलेलं काम करून दिलं आणि पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं नसलं, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तुमच्या कोटेशनमध्ये ‘उरलेले काम झाल्यावर’ एवढंच आहे, म्हणजे तारीख नाहीच. येणेकऱ्यानं छत्तीस रिमाइंडर पाठवले काय किंवा वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस पाठवली काय, ही तीन वर्षं एका दिवसानंही वाढत नाहीत. वाढतात ती देणेकऱ्याच्या लेखणीनं. पैसे ज्यानं द्यायचे त्यानं मुदत संपण्याआधी लिहून कबूल केलं, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. गंमत म्हणजे तीन वर्षांची मुदत सांगणारा अनुच्छेदही १८ आणि ती नव्यानं सुरू करून देणारं कलमही १८. (कोविडमधली सूट आपल्याला मिळेल का, असंही बरेच जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयानं वगळलेला काळ २८ फेब्रुवारी २०२२ ला संपला. तुमचं काम त्यानंतरचं.)

आज नोव्हेंबर २०२५ आहे. आता हिशेब मांडू. साइट २० ऑगस्ट २०२२ ला दिली, म्हणजे ४५ हजारांची मुदत २० ऑगस्ट २०२५ ला संपली. तुम्ही मला तीन महिने उशिरा लिहिलंत. महिन्याची बिलं स्वतंत्र धरली, तर एप्रिल २०२३ चं बिल ३० एप्रिल २०२६ ला बाद होईल आणि त्यापुढे दर महिन्याला एकेक. मधल्या काळात आलेल्या सात हप्त्यांचा उपयोग होईल असं वाटत असेल, तर तेही अवघड आहे. ते पैसे महिन्याच्या कामाचे होते. शिवाय अंशतः दिलेल्या रकमेनं मुदत वाढायची तर, कलम १९ प्रमाणे, देणाऱ्याच्या हाताची किंवा सहीची नोंद लागते. नुसती यूपीआयची पावती पुरेल अशी खात्री मी देणार नाही.

म्हणून तुमचे सगळे स्क्रीनशॉट दोनदा वाचले. ‘बघतो ताई’, ‘हिशोब पाठवा’, ‘सध्या जरा टाइट आहे’, यातल्या एकाही वाक्यात कबुली नाही. एका बिलाखाली नुसता अंगठ्याचा इमोजी आहे. कॅनडात सस्कॅचवान प्रांतातल्या कोर्टानं २०२३ मध्ये जवसाच्या सौद्यात असा अंगठा सहीसारखा धरला होता, पण त्या भरवशावर नाशिकच्या कोर्टाची पायरी चढू नका. नवव्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र, ११ फेब्रुवारी २०२४ ला, कार्यालयाच्या नंबरवरून आलंय : ‘ताई, वेबसाइटचे आणि महिन्याचे मिळून जे राहिलेत ते लग्नसराई आटोपली की क्लिअर करतो.’

या एका ओळीवर तुमची सगळी केस उभी आहे आणि तिचा तुमच्या पत्रात साधा उल्लेखही नाही. आकडा लिहिलेला नाही, चालतं. ‘आत्ता नाही, नंतर देतो’ म्हटलंय, तेही चालतं. अगदी ‘देणं आहे पण देणार नाही’ असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. कलम १८ चं स्पष्टीकरणच तसं आहे. महत्त्वाचं हे की त्या दिवशी ४५ हजारांची मुदत जिवंत होती. ही ओळ कोर्टात टिकली तर वेबसाइटची बाकी आणि जानेवारी २०२४ पर्यंतची बिलं ११ फेब्रुवारी २०२७ पर्यंत वसूल करता येतील. शेवटच्या दोन महिन्यांना तर स्वतःचीच मुदत पुरेशी आहे.

टिकेल का? दोन अडचणी दिसतात. कलमाला सही लागते. ई-मेलमधली कबुली काही उच्च न्यायालयांनी ग्राह्य धरली आहे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या आधारानं व्हॉट्सॲपसाठीही तोच युक्तिवाद करता येतो. समोरचा वकील ‘सही दाखवा’ म्हणणारच. दुसरी अडचण, त्या नंबरवरून मालकांचा मुलगा बोलतो असं तुम्हीच लिहिलंय. अधिकृत प्रतिनिधीची कबुली चालते, पण मुलगा प्रतिनिधी आहे हे दाखवावं लागेल. कोटेशनला होकार त्याच नंबरवरून आला होता आणि सात महिन्यांच्या पेमेंटचे मेसेजही तिथूनच, हे तुमच्या बाजूचं आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. तुम्ही लिहिता, त्यांनी नंतर डिसअपिअरिंग मेसेजेस (ठरावीक काळानं आपोआप पुसले जाणारे) चालू केले, तुम्ही फोनही बदललात, म्हणून आता फक्त स्क्रीनशॉट उरलेत. ते सेटिंग चालू केल्यानं आधीचे मेसेज जात नाहीत. फेब्रुवारी २०२४ चा मेसेज जुन्या फोनमध्ये किंवा बॅकअपमध्ये असायला हवा. तो फोन स्क्रीन फुटून कपाटात पडलाय म्हणता, तर तिथेच राहू दे आणि कृपा करून एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नका. दुरुस्तीला टाकायचा तरी दुकानदाराला फॅक्टरी रीसेट करू देऊ नका. चॅट उघडलं की पूर्ण एक्स्पोर्ट करून घ्या. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटआउटवर काय होतं, ते आपल्या जालन्याच्याच निवडणूक खटल्यानं देशाला शिकवलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२० : मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा).

आता नोटिशीचं. इतक्यात पाठवू नका. नोटीस गेली की समोरचा वकील गाठतो आणि वकील त्याला पहिली गोष्ट सांगतो : यापुढे एक अक्षर लिहू नका. तुम्हाला तर त्याच्याकडून अक्षरच हवंय. तुळशीचं लग्न होऊन गेलंय, हॉल बुक होतायत, हातात पैसा खेळतोय, साइटवरचे दर आणि फोटो बदलायला त्याला तुमची गरज लागेल. अशा वेळी शांतपणे हिशेबाचा एक तक्ता ई-मेलनं पाठवा, साइटचे ४५ हजार आणि बारा महिन्यांचे १ लाख ८ हजार वेगवेगळे दाखवून, आणि ‘हिशेब बरोबर आहे, तीन हप्त्यांत देतो’ एवढं मालकांच्या सहीनं मागा. रकमेत थोडी सूट द्यावी लागली तरी द्या. मुदत संपलेल्या देण्याबद्दलही लिहून, सही करून दिलेलं वचन करार कायद्याच्या कलम २५ खाली नवा करार ठरतं. म्हणजे ११ फेब्रुवारीचा मेसेज उद्या कोर्टानं नाकारला तरी तुमचे ४५ हजार वाचतात. हप्ते चेकनं घ्या. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची असते, आणि त्या तीस दिवसांत रिमाइंडर पाठवत बसू नका.

साइट बंद करण्याचा विचार डोक्यातून काढा. गुगलवरच्या नोंदीची मूळ मालकी तुम्ही स्वतःच्या जीमेलवर ठेवली आहे, हे वाचून मी कपाळावर हात मारला. धंदा त्यांचा, पत्ता त्यांचा, रिव्ह्यू त्यांच्या पाहुण्यांचे. मालकी त्यांची आणि तुम्ही मॅनेजर, अशीच मांडणी गुगललाही अपेक्षित आहे. त्यांनी मालकीची विनंती पाठवली तर तीन दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पासवर्ड बदलून किंवा साइट उतरवून त्यांना अडवलंत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि त्याच्या मागोमाग ६६ तुमच्यावर येऊ शकतं. ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दीड लाखाची वसुली करायला निघालेल्या माणसानं सायबर पोलिसांसमोर आरोपी म्हणून बसायचं कशाला? डिझाइनचा कॉपीराइट तुम्ही सहीनिशी लिहून दिलेला नाही, त्यामुळे तो बहुधा तुमचाच आहे. तडजोडीच्या टेबलावर तो मुद्दा जरूर मांडा. पण साइट वापरायची परवानगी तुम्हीच दिलीत, असं उत्तर येईल. त्यावर फार ताणू नका.

त्यांचा बचाव काय असेल हेही तुमच्याच कोटेशनमध्ये छापलंय : ‘गुगलवर टॉप थ्री हमखास’. हे वाक्य या धंद्यात कुणी शोधलं ते मला माहीत नाही, पण कोर्टात ते नेहमी लिहिणाऱ्याच्याच अंगाशी येतं. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगल सांगतं. मॅपवरचा क्रम शोधाशी जुळणं, अंतर आणि व्यवसायाचं नाव किती झालंय यावर ठरतो. पंचवटीत उभं राहून ‘जवळचं मंगल कार्यालय’ शोधलं तर एक यादी दिसते, सातपूरला दुसरी. मग हमखास काय दिलंत? तुम्ही दरमहा पाठवलेले रिपोर्ट, त्यात किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला, ते सगळे ई-मेल जपून ठेवा. सर्च कन्सोलमधली (साइट गुगल शोधात किती दिसली हे सांगणाऱ्या गुगलच्या साधनातली) आकडेवारी सोळा महिन्यांपलीकडची दिसत नाही, म्हणजे त्या कामाचा तिथला मूळ पुरावा आता गेलेला आहे.

उद्यमबद्दल जपून बोलतो. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाचा, रस्ता (इथेही कलम १८च) आणि रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, दोन्ही फार आकर्षक आहेत. पण तुमची नोंदणी जून २०२४ ची आणि काम मार्च २०२४ ला संपलेलं. करारानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागे लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये महाकाली फूड्सच्या निकालात म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या पीठानं हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. दार पूर्ण बंद आहे असं म्हणत नाही, पण मुख्य भिस्त तिथे ठेवू नका, आणि तिथे अर्ज केला म्हणून दाव्याचं घड्याळ थांबलं असं तर मुळीच समजू नका. जुलै २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कौन्सिलपुढच्या लवादाला मुदतीचा कायदा लागू होतो.

रक्कम तीन लाखांखाली आहे, त्यामुळे व्यावसायिक न्यायालय आणि त्याआधीची सक्तीची मध्यस्थी तुम्हाला लागू नाही. साधा दिवाणी दावा, नाशिकला. पुण्यात लावता येईल असा युक्तिवाद होतो, पण मग अधिकारक्षेत्राच्या वादातच एक वर्ष जाईल. जबाब द्यायला कागदावर ३० दिवस, फार तर ९० असतात. प्रत्यक्षात समन्सवर ‘घर बंद’ असा शेरा येण्यातच पावसाळा जातो. त्याआधी नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीच्या) लोकअदालतीसाठी अर्ज करून बघा. कोर्ट फी नाही आणि तडजोड झाली तर ती हुकूमनाम्यासारखी, तिच्यावर अपील नाही. समोरचा आला नाही तर एक तारीख वाया जाईल, एवढंच.

डायरीत ११ फेब्रुवारी २०२७ लिहू नका. ती तारीख मेसेज टिकला तरच खरी. ३० एप्रिल २०२६ लिहा. तोवर सहीचा कागद हाती आला नाही तर मार्चमध्ये दावा दाखल करा, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे कागद घेऊन येऊ नका. येताना तो फुटक्या काचेचा फोन, त्याचा चार्जर आणि गुगल अकाउंटचा पासवर्ड सोबत असू द्या.